नेपाळमध्ये कुटुंबात राहायचं असेल, तर एका घरी तीन रात्री राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं जाणार, तुम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या, शाकाहारी सासूबाई. दसरा-दिवाळीच्या सुमारास आठ दिवस नेपाळ. हॉटेलं नकोत, तिथल्या कुटुंबांमध्ये राहायचं. आराखड्यात पाच गावं, पाच रात्री, पाच घरं. हे जमेल का, गावं कुठली घ्यावीत, जेवणाचं आणि न्हाणीघराचं काय, पैसे कसे द्यावेत आणि वागावं कसं.

मराठी कुटुंबांना नेपाळच्या डोंगरातल्या आणि तराईतल्या म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट मुलखातल्या घरांमध्ये घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं करते. त्या अनुभवावरून पहिलं सांगणं हेच, की पाचातली तीन गावं आजच काढून टाका. दोन घरं ठेवा आणि त्यातल्या एका घरी सलग तीन रात्री राहा.

पहिली संध्याकाळ सगळीकडे सारखीच असते. कपाळाला टिका, गळ्यात सयपत्रीची म्हणजे आपल्या झेंडूची माळ, चहा, मग अंगणात थोडं नाचगाणं. ते मनापासून असतं, पण त्यात तुम्ही पाहुणे असता आणि घरचे लोक यजमान. तुम्हाला बसवून वाढतात, स्वतः मागाहून जेवतात, बोलणंही जरा अवघडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अजून तिथेच आहात हे घराच्या अंगवळणी पडायला लागतं. घरातली आमा म्हणजे आई पहाटे उठून जनावरांचं बघते, चूल पेटवते, चहा करते, आणि तुम्ही तिच्या मागे-पुढे वावरत असता. दुपारपर्यंत सासूबाईंच्या हातात लसणाची जुडी सोलायला येते. मुलगी शेजारच्या पोरांबरोबर बकऱ्यांमागे गेलेली असते. तिसऱ्या दिवशी आमा आपल्या दुबईतल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावते आणि तुम्हाला त्याच्याशी बोलायला लावते. तुम्हाला हे हवं आहे ना? मग एका रात्रीत ते मिळत नाही. एका रात्रीच्या पाहुण्याला स्वागत आणि निरोप एवढंच दिसतं, आणि ही दोन्ही गावाला पाठ असतात.

तो दुबईतला मुलगा महत्त्वाचा आहे. परदेशी गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे नेपाळच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतके भरतात. आखात, मलेशिया, भारत, शिवाय भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातल्या गोरखा पलटणी. डोंगरातल्या गावांत चांगली बांधलेली घरं आहेत, खोल्या आहेत, पण त्यात राहणारी तरणी माणसं नाहीत. मागे राहिल्या आया, सुना, नातवंडं आणि पेन्शनीत आलेले आजोबा. गावातला होमस्टे या रिकाम्या खोल्यांमधून उभा राहिला, आणि तो चालवतात मुख्यतः बायका. हे लक्षात ठेवून गेलात, तर कुणाशी कसं बोलायचं ते आपोआप कळेल.

या सगळ्याची सुरुवात झाली स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी या गुरुंग समाजाच्या गावात, १९९७ मध्ये. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन रुद्रमान गुरुंग यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. तिथली घडी अशी: पाहुणे आले की गावाची समिती ठरवते कुणी कुणाकडे उतरायचं, आणि घरांना पाळीपाळीने पाहुणे मिळतात. पैसे समितीकडे येतात, त्यातला वाटा गावाच्या कामांना जातो, उरलेले त्या घराला. पुढे नेपाळ सरकारने होमस्टेची कार्यविधी म्हणजे नियमावली काढली, ती विक्रम संवत २०६७ म्हणजे २०१० ची. आज नेपाळभर अशी गावं आहेत, पण पद्धत ज्या गावांनी नीट पाळली तिथलाच मुक्काम मला खात्रीने सुचवता येतो.

कारण होमस्टे हा शब्द आता कुणीही लावतो. पोखऱ्याच्या आसपास आणि ट्रेकच्या वाटांवर होमस्टेची पाटी लावलेली कितीतरी लॉज आहेत. ती वाईट नसतात, पण तुम्ही ज्यासाठी जाताय ते तिथे नाही. ओळखायला तीन प्रश्न पुरतात. जेवण कुठे वाढणार? कुणाच्या घरी राहायचं ते कोण ठरवतं? पैसे कुणाकडे द्यायचे? स्वयंपाकघराशेजारी, समिती, समितीकडे, अशी उत्तरं आली तर ते गाव. वेगळा डायनिंग हॉल, छापील मेन्यूकार्ड आणि एकच मालक असेल तर ते लॉज. आणखी एक सांगते. ‘होमस्टे आणि अनाथाश्रमात मुलांना शिकवणं’ असं एकत्र पॅकेज कुणी दिलं तर ते घेऊ नका. नेपाळमध्ये पाहुणे आणि देणग्या मिळाव्यात म्हणून आईवडील असलेल्या मुलांनासुद्धा अशा ठिकाणी आणून ठेवल्याची प्रकरणं उघड झाली आहेत.

आता गावं. पहिलं घर पनौतीत घ्या. काठमांडूपासून सुमारे ३२ किलोमीटरवर, पुण्यमाता आणि रोशी या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे नेवार समाजाचं जुनं गाव आहे. तेराव्या शतकातलं इंद्रेश्वर महादेवाचं देऊळ तिथे आहे, आणि तिथले होमस्टे बायकांच्या गटाने उभे केलेत. विमानतळावरून थेट तिथेच जा. काठमांडूच्या गर्दीत पहिली रात्र काढण्यापेक्षा ते सासूबाईंनाही सोपं. घरं उभी आणि अरुंद असतात, जिने चढे. खालची खोली मागा. नेवारांचं स्वयंपाकघर बहुधा घराच्या वरच्या मजल्यावर असतं, तेव्हा जेवायला दोन जिने चढावे लागतील हे आधीच सांगून ठेवते.

दुसरं, तीन रात्रींचं घर कुठे, हे सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरेल. गुडघे बरे असतील तर सिरुबारी. काठमांडूहून पोखऱ्याला विमानाने जा. रस्ता २०० किलोमीटर आहे, पण रुंदीकरणाच्या कामांमुळे त्यात अख्खा दिवस जातो. पोखऱ्यात एक रात्र हॉटेलात विश्रांती घ्या, मग जीपने गावात. दगडी घरं, फरसबंद वाटा, आणि वरच्या टेकडीवरून सकाळी अन्नपूर्णा-धवलागिरीच्या रांगा दिसतात. गावात फौजी घरं पुष्कळ आहेत, त्याची शिस्त अंगणातही दिसते. पण पायऱ्या आहेत, आणि त्या चुकवता येत नाहीत.

गुडघे साथ देत नसतील तर तराईतलं अमलटारी घ्या. चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगतच्या बफर क्षेत्रातलं हे थारू आणि बोटे समाजाचं गाव, २०१३ पासून होमस्टे चालवतं. काठमांडूहून भरतपूरला छोटं विमान, पुढे गाडी. सगळी सपाट जमीन, मातीने सारवलेल्या भिंती, त्यांवर हातांनी काढलेली चित्रं. पलीकडे चितवनचं जंगल आहे आणि गेंडे रात्री शेतात येतात, त्यामुळे पहाटे किंवा अंधार पडल्यावर घरच्यांशिवाय एकटं बाहेर पडायचं नाही. मुलीला हे नीट बजावा. मला विचाराल तर डोंगर पाहायचा मोह बाजूला ठेवून अमलटारी निवडलेली कुटुंबं फार समाधानी परत आलेली मी पाहिली आहेत, कारण आजी-आजोबांना ती तीन दिवस मोकळेपणाने हिंडता येतं.

लमजुंगमधलं घलेगाव तुमच्या यादीत होतं. अतिशय सुंदर गाव आहे, पण बेसीसहरहून वर जाणारा रस्ता या वयात नको. गोरखा जिल्ह्यातलं बारपाकही यावेळी सोडा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या गजे घले यांचं ते गाव. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू तिथेच होता आणि जुनी दगडी घरं जवळजवळ सगळी पडली. त्यानंतर सिमेंटची घरं उभी राहिली. पर्यटक तिथे जाऊन ‘जुनं राहिलं नाही’ म्हणून हळहळतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्यांनी तो भूकंप पाहिला, त्यांना पक्क्या घरात निर्धास्त झोपायचा पूर्ण हक्क आहे.

तारखांचं बघा. नेपाळचा दशैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा, पण त्यांच्यासाठी तो वर्षातला सर्वात मोठा सण. घटस्थापनेला जमरा पेरतात, आपल्या घटातल्या धान्यासारखाच, आणि विजयादशमीपासून कोजागिरीपर्यंत वडीलधारी माणसं तांदूळ-दही-कुंकवाचा टिका लावतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या दिवसांत बाहेरगावची सगळी माणसं घरी परतलेली असतात, खोल्या भरलेल्या असतात, आणि अष्टमी-नवमीला घरोघरी बोकड कापतात. शाकाहारी सासूबाईंना अंगणात ते दिसलं तर त्यांचाही जीव कासावीस होईल आणि यजमानांचाही. म्हणून कोजागिरीनंतर निघा. आकाश तेव्हा स्वच्छ असतं, भाताची कापणी सुरू झालेली असते, आणि तुमची दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार गाठता आला तर मुलीला कुत्र्यांना हार घालून टिका लावण्याचा दिवस बघायला मिळेल. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जळवा असतात आणि दरडी कोसळतात.

जेवण. मराठी मंडळींना सर्वात मोठी काळजी याचीच, आणि नेपाळइतकी ती कमी करायला लावणारी दुसरी जागा नाही. दिवसातून दोनदा दाळ-भात-तरकारी-अचार, सकाळी नऊ-दहाला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. दुपारी खाजा, म्हणजे पोहे, भाजलेला मका असं काही. डोंगरात ढिंडो मिळेल, मक्याचा किंवा नाचणीचा. नाचणीला तिथे कोदो म्हणतात, तेव्हा कोदोचा ढिंडो म्हटल्यावर आपला कोद्रा समजू नका. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला ती चव परकी वाटत नाही. गुंद्रुक जरूर खा. पालेभाजी आंबवून वाळवतात आणि तिचा आंबटसर रस्सा करतात.

शाकाहाराबाबत मात्र एकदा स्पष्ट बोला. नुसतं ‘व्हेज’ म्हणणं पुरत नाही. अंडं चालत नाही, सुकी मासळी चालत नाही, मटणाच्या रश्श्यातला बटाटा काढून दिला तरी चालत नाही, हे तिन्ही सांगा. अचारात किंवा भाजीत सिद्रा म्हणजे सुकी मासळी असू शकते, आणि थारू घरांत मासे व घोंगी म्हणजे गोगलगाई रोजच्या खाण्यातल्या. नेवार घरांत म्हशीचं मांस सर्रास असतं. तुम्हाला ते वाढणार नाहीत, पण शेजारच्या ताटात ते असेल. सासूबाईंनी आधी मनाची तयारी करून यावं. दुसऱ्याच्या घरात त्यांच्या ताटाकडे बघून नाक मुरडणं, यासारखं दुखवणारं दुसरं काही नाही.

आणि हो, घरून डबे नेऊ नका. लोणचं, थेपले, मेतकूट, इन्स्टंट पोहे. प्रवासातल्या वाटेसाठी थोडा चिवडा ठीक. पण आमाने केलेलं जेवण समोर असताना पिशवीतून बरणी काढणं म्हणजे तिच्या हाताला नावं ठेवणं. आपल्याकडे कुणी असं केलं तर आपल्याला काय वाटेल? त्याऐवजी शिदोरीची ती जागा भेटीसाठी वापरा. चिक्की, घरचा चहाचा मसाला, आणि सासूबाईंना जमत असेल तर तिथल्या चुलीवर एकदा पिठलं किंवा शिरा करून सगळ्यांना खाऊ घाला. आमाला विचारून, तिच्या वेळेच्या सोयीने. गावातल्या मुलांना वाटेवर गोळ्या आणि पैसे वाटू नका.

उष्ट्याचा नियम तिथे आपल्या जुन्या घरांइतकाच कडक आहे, त्याला ते जुठो म्हणतात. स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकू नका, आपल्या चमच्याने भांड्यातून वाढून घेऊ नका, पाण्याची बाटली तोंडाला न लावता वरून प्या. हल्ली आपल्या मुलांना याची सवय नसते, म्हणून मुलीला आधीच सांगा. वाढताना पुन्हा पुन्हा घालतात. ‘पुग्यो’ म्हणजे पुरे. तो शब्द आणि ताटावर आडवा हात, दोन्ही लागतील. ‘मीठो छ’, छान झालंय, हे रोज म्हणा.

स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. गुरुंग घरात बहुतेकदा चुलीजवळ बसायला बोलावतील. बाहुन-छेत्री म्हणजे ब्राह्मण-क्षत्रिय घरांत ते क्वचितच होतं, आणि तिथे पाळीच्या दिवसांचे नियमही काही ठिकाणी पाळतात. तुम्हाला ते मान्य नसले तरी घरातल्या दिदीला बाजूला घेऊन हळूच विचारा. चुलीत कचरा टाकत नाहीत, चुलीवरचं लोखंडी तिवईसारखं ओदान ओलांडत नाहीत. कोदोची रक्सी म्हणजे घरची दारू पुढे आली आणि घ्यायची नसेल तर हात जोडून ‘खाँदिनँ’ म्हणा. कुणी आग्रह धरून बसत नाही.

हाक मारताना वयाप्रमाणे आमा, बा, दिदी, दाइ, बहिनी, भाइ. आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे सोसायटीच्या राखणदाराला, मग त्याचं नाव काहीही असो, ‘बहादूर’ किंवा ‘गुरखा’ म्हणून हाक मारायची सवय आहे. ज्या घरात तुम्ही उतरणार त्या घरातला माणूस कदाचित मुंबईत किंवा पुण्यात अशीच हाक ऐकत उमेदीची वर्षं काढून आलेला असेल. तो तुमच्याशी सफाईदार हिंदी बोलेल, दादरची नाहीतर कोथरूडची चौकशीही करेल. त्याच्या अंगणात तुम्ही त्याचे पाहुणे आहात. तो शब्द तिथे चुकूनही तोंडातून निघू देऊ नका, आणि परत आल्यावर इथेही नको. तसंच, ‘नेपाळ काय, भारतासारखंच’ असं कौतुकाने म्हटलं तरी लागतं. बुद्धांचा जन्म लुंबिनीत झाला, लुंबिनी नेपाळमध्ये आहे, आणि याबाबत भारतीयांनी केलेल्या चुकीची तिथे खरोखर चीड आहे. २०१५ ची सीमेवरची नाकाबंदी, जिच्यासाठी तिथे भारताला दोष देतात, तीही लोक विसरलेले नाहीत. तो विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

आडनाव विचारतील. त्यात जात जाणून घेण्याचा हेतू असतोच, आपल्या गावांतही असतो. उत्तर द्या, पण या निमित्ताने एक गोष्ट तुम्हीही विचारा. पाहुण्यांच्या स्वागताला जी पंचेबाजा म्हणजे पारंपरिक वाद्यं वाजतात, ती वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या दमाई समाजाचे लोक आहेत, आणि नेपाळच्या समाजात त्यांना अस्पृश्य मानलं गेलं. अनेक गावांत होमस्टेच्या यादीत त्यांची घरं नसतात. ‘वाजवणाऱ्या दाइंच्या घरीही पाहुणे उतरतात का?’ एवढंच समितीला विचारा. पाहुण्यांनी विचारत राहिल्याने यादी वाढते. उतरायची तयारी असेल तर तसं आधीच कळवा. महाराष्ट्रातून जाणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारावा, असं मला फार वाटतं.

न्हाणीघर आणि संडास बऱ्याच घरांत अंगणात असतात, भारतीय पद्धतीचे, आणि गरम पाणी बादलीने मिळतं. सासूबाईंसाठी विजेरी, घट्ट तळव्याच्या चपला आणि शक्य असेल तर घडीची कमोड खुर्ची न्या. रोज आंघोळीचा हट्ट धरू नका, पाणी तापवायला लाकूड जातं. प्यायचं पाणी उकळलेलं मागा. रोजची औषधं आठ दिवसांपेक्षा जास्तीची घ्या, गावात दुकान असेलच असं नाही.

कागदपत्रांत भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरतं, पण मुलीकडे निवडणूक ओळखपत्र असणार नाही, म्हणून तिचा पासपोर्टच न्या. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. आपल्या शंभरपर्यंतच्या नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, ते निघायच्या आठवड्यात तपासा. शहरांत क्यूआरने पैसे देता येतात, पण गावासाठी नेपाळी रोकड जवळ ठेवा. मुक्कामाचे पैसे समितीकडेच द्या, घासाघीस करू नका, आणि आमावर जीव जडला म्हणून तिच्या हातात वेगळी मोठी रक्कम ठेवू नका. पाळीची पद्धत त्याने मोडते आणि तिलाच शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात. काही द्यायचंच असेल तर निरोपाच्या नाचाच्या वेळी ताट फिरतं, त्यात ठेवा, किंवा आमा समूहाच्या म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाच्या नावाने पावती घ्या. फोटो विचारून काढा आणि परत आल्यावर छापून पाठवा. मोबाइलवरचे फोटो हरवतात, छापलेला भिंतीवर लागतो.

आता आरक्षण. समितीला पाठवायचा निरोप साध्या हिंदीत किंवा नेपाळीत लिहा आणि त्यात एवढं असू द्या: चौघांची नावं आणि वयं, सासूबाईंचं शाकाहाराचं पूर्ण वर्णन, गुडघ्यांची अडचण आणि खालची खोली हवी असल्याचं, एकाच घरी तीन रात्री राहायचं असल्याचं, कुठल्या दिवशी किती वाजता पोचणार ते, आणि ‘घरच्यांबरोबरच जेवायला बसायला आवडेल’ हे वाक्य. हे शेवटचं लिहिलं नाही तर तुम्हाला आधी वाढतील आणि स्वतः मागून जेवतील. दोन-चार दिवस उत्तर आलं नाही तर घाबरू नका, कापणीचे दिवस आहेत. मग संध्याकाळी, जेवणाची वेळ उलटल्यावर फोन करा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, आणि गाव लवकर झोपतं.